बुडालेल्या माणसाची बायको

एन्कार्नासिओन, ११ मार्च १९८४

ब्लासिदा,

आधी शिलाई मशीन थांबव, हातातलं कापड खाली ठेव आणि बस. बसलीस? सेल्सो जिवंत आहे.

तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे. गेल्या जुलैत तो मासे धरायला गेला, होडी उलटली, आईने स्वतः काठावरून पाहिलं. तिच्याच साक्षीवर न्यायाधीशाने मृत्यूचा दाखला दिला. नऊ दिवस प्रार्थना झाल्या, काठावर क्रूस रोवला, तेव्हापासून मी काळ्या कपड्यात शाळेत शिकवते आहे. सगळं खरं. पण प्रेत कुठे मिळालं? इतके दिवस मी म्हणत होते, पराना नदी मोठी आहे, सगळ्यांनाच परत देत नाही. आज म्हणते, नव्हतंच तर देणार काय?

आता कसं कळलं ते ऐक. आपल्या कोपऱ्यावरची देइदामिया मावशी रोजच्या बोटीने नदी ओलांडून सरहद्दीपलीकडे पोसादासला चिपाच्या पावांची टोपली घेऊन जाते. आज ती परतली ती घरी न जाता सरळ माझ्या दारात. टोपलीही डोक्यावरच. म्हणाली, "निदिया, तुझा नवरा पलीकडच्या बाजारात संत्री निवडत होता." मी म्हटलं, मावशी, उन्हात फार बसू नका. ती चिडली. म्हणाली, "हाक मारली मी त्याला, सेल्सो, म्हणून. वळून बघितलं, संत्री तिथेच टाकली आणि बस स्टँडकडे पळत सुटला. मेलेली माणसं संत्री दाबून बघत नाहीत, पोरी."

दाबून. अंगठ्याने, देठाजवळ. तोच तो. तू दोन वर्षं आमच्याकडे राहिलीस, तू नाही का बघितलंस, आख्खी टोपली चिवडल्याशिवाय त्याला एक फळ पसंत पडायचं नाही?

आईला सांगितलं तर तिच्या हातातला डाव खाली पडला. मग म्हणाली, देइदामियाला मोतीबिंदू आहे. पण मला आज रडू येत नाही, भूक लागत नाही, एका जागी बसवत नाही. डोक्याला मार लागून त्याला काही आठवत नसेल का? कुणी घर सांगेना म्हणून भटकत असेल का? तू नदीच्या त्याच बाजूला आहेस. तुझ्या ओबेराहून पोसादासला बस येते. जाशील का गं एकदा बघायला? तो तुला धाकटी बहीण मानायचा, तुला बघून तरी त्याला ओळख पटेल.

उत्तर ताबडतोब लिही.

तुझी ताई,
निदिया

•

ओबेरा, २० मार्च १९८४

ताई,

तुझं पत्र वाचलं. दोनदा वाचलं.

तुझं दुःख मला कळतं. इथल्या आमच्या कारखान्यात एक बाई आहे, तिचा मुलगा गेला, ती पण वर्षभर बस स्टँडवर त्याला बघायची. हळूहळू गेलं ते. तुझंही जाईल. आई म्हणते तू झोपत नाहीस. ती देते ते थेंब घेत जा.

मला रजा मिळत नाही. शाळांचे गणवेश शिवायचे आहेत, मालकीण पाणी प्यायलाही उठू देत नाही. नाहीतर आले असते. तूही पोसादासला जाऊ नकोस, ताई. ते गाव आपलं नाही, एकटी बाई बाजारात नवऱ्याला शोधत फिरते म्हटल्यावर लोक हसतील. आणि शाळेत तर अजिबात बोलू नकोस, नोकरी जाईल.

देइदामिया मावशीने नक्की काय पाहिलं? तो एकटाच होता का? कुठल्या बसमध्ये चढला, हे तिला दिसलं का? मनाला रुखरुख नको म्हणून विचारते आहे, बाकी काही नाही.

स्वतःला जप.

ब्लासिदा

•

एन्कार्नासिओन, ८ एप्रिल १९८४

ब्लासिदा,

तू जाऊ नको म्हणालीस आणि मी गेले. रागावू नकोस, आधी वाच.

बर्फाच्या कारखान्यातला तेओदोरो ऱ्हिसियुक आठवतो? तोच, युक्रेनी बापाचा, पडवीत बसून अकॉर्डियन वाजवणारा, बायकांशी बोलताना कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल होणारा. सेल्सो बुडाला तेव्हा नदीत गळ टाकून सगळ्यात जास्त दिवस शोधणारा तोच होता. तो दर शनिवारी मासे बर्फात घालून ट्रक पलीकडे नेतो. मी त्याला सगळं सांगितलं. वाटलं, हसेल. तो इतकंच म्हणाला, "उद्या पहाटे तयार राहा. स्वेटर घाला, पाठीमागून गार लागतं." खरंच लागतं. पुढून ऊन आणि पाठीला बर्फ, अशी मी फेरीबोटीवर बसले होते आणि मला शाळेच्या सहलीला निघाल्यासारखं वाटत होतं.

बाजारातल्या संत्रीवालीला सेल्सोचा फोटो दाखवला. तिने लगेच ओळखला. हा तर येतो अधूनमधून, म्हणाली, फार चिकित्सा करतो. नाव विचारलं तर माहीत नाही. शेजारच्या दुकानातूनही काही घेतो म्हणाली. शेजारचं दुकान कसलं, सांग? दोऱ्यांचं. रिळं घेतो, बटणं घेतो, एकदा झिप घेतली. ऐकून माझा जीव कळवळला गं. ज्याला साधी सुई ओवता यायची नाही, तो स्वतःचे कपडे स्वतः शिवतोय.

आणि आता खरी गोष्ट. आई जपमाळ घेऊन बसते तेव्हा आपल्या सगळ्या गेलेल्यांची नावं घेते. बाबा, आजोबा, इर्मा आत्या, अगदी तो शेजारचा बोबडा शिंपीसुद्धा. परवा मी लक्ष देऊन ऐकलं. सेल्सोचं नाव आलं नाही. मी म्हटलं, आई, राहिलं. तिला खोकला आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, नाव यायच्या सुमारास ती उठून दूध उतू जातंय का बघायला गेली. चुलीवर दूध नव्हतं. आपल्या आईला तू ओळखतेस. जिवंत माणसाच्या नावाने मेलेल्यांची प्रार्थना म्हटली तर तो मरतो, असं ती लहानपणी आपल्याला सांगायची.

तिला माहीत आहे, ब्लासिदा. तो जिवंत आहे हे आईला माहीत आहे आणि ती मला सांगत नाही. का?

तिने डॉक्टरला घरी बोलावलं. त्याने माझी जीभ बघितली आणि आईला बाजूला घेऊन बोलला. ते थेंब मी कुंडीत ओतते.

निदिया

•

ओबेरा, २ मे १९८४

ताई,

हे पत्र टपालाने पाठवत नाही, ओळखीच्या बस ड्रायव्हरच्या हाती देते आहे. वाचून जाळ.

तू थांबणार नाहीस हे दिसतंय. म्हणून सांगते. मी शपथ घेतली होती सांगणार नाही म्हणून.

सेल्सो जिवंत आहे. तू बरोबर होतीस. कस्टममध्ये काम करताना त्याने एक पेटी उघडली, ती मोठ्या लोकांची होती. आत काय होतं मला माहीत नाही, माहीत करून घ्यायचंही नाही. त्याला सांगण्यात आलं की तू दिसेनासा हो, नाहीतर आम्ही करू. आपल्या देशात असं दिसेनासं झालेल्यांचं काय होतं ते तू जाणतेस. आईने त्याला वाचवायला ती साक्ष दिली. तुला सांगितलं असतं तर तुझ्या चेहऱ्यावर दिसलं असतं, ताई. तुला काही लपवता येत नाही. तुझं रडणं खरं होतं म्हणून लोकांचा विश्वास बसला.

आता तू फोटो घेऊन बाजारात फिरतेस. त्या बाजारात त्यांचेही लोक असतात. तुझ्यामुळे त्याचा जीव जाईल. थांब. त्या बर्फवाल्याला सांग, माझा भ्रम होता. देइदामियाला सांग. काळे कपडे काढू नकोस.

तो कुठे आहे ते मला माहीत नाही. विचारू नकोस.

ब्लासिदा

•

एन्कार्नासिओन, १३ मे १९८४

माझ्या लाडक्या ब्लासिदा,

जाळलं. आधी पाठ केलं, मग जाळलं.

काय सांगू तुला. वर्गात फळ्यावर भागाकार लिहिताना खडू मोडला, कारण मी हसत होते. इतके महिने मी देवाला विचारत होते की माझा नवरा असा मूर्खासारखा वादळात होडी घेऊन का गेला, आणि तो तर शूर निघाला. मी त्याला मनातल्या मनात किती बोलले असेन.

तू सांगितलंस तसं केलं. देइदामिया मावशीला म्हटलं, तुमचं चुकलं असेल. ती आता माझ्याशी बोलत नाही. तेओदोरोला म्हटलं, तो माझा भ्रम होता. त्यावर तो म्हणाला, "बरं. पण पुन्हा भ्रम झाला तर शनिवारी ट्रक जातोच."

मी मात्र अशी बसून राहणार नाही. तो येऊ शकत नसेल तर मी जाते. शाळेला जुलैत हिवाळ्याची सुट्टी लागली की सरळ तुझ्याकडे ओबेराला येते. धाकट्या बहिणीकडे राहायला गेले, यात कुणाला काय संशय येणार? तिथून तू त्याला निरोप धाड. तो ब्राझीलच्या जंगलात राहत असला तरी मी जाईन, लाकडं फोडीन. एक पेटी भरूनही ठेवली आहे. त्याचे दोन शर्ट घेतले आहेत आणि, तू हसशील, पेरूची बर्फी.

मला तुझ्यासारखी बहीण आहे हे माझं नशीब.

ताई

•

ओबेरा, १ जून १९८४

ताई,

इथे येऊ नकोस. माझ्या घरावर नजर आहे असं वाटतं.

सगळी व्यवस्था झाली आहे. आईला कळवलं आहे. सुट्टी लागली की तिच्याबरोबर रेल्वेने आसुन्सिओनला जा. तिथे नन चालवतात ते एक घर आहे, शांत आहे, बाग आहे. काही दिवस राहावं लागेल. सेल्सोला तिथे आणतील. वाटेत आईला काही विचारू नकोस, डब्यात कोण ऐकत असेल सांगता येत नाही. तिथे गेल्यावर तुला काय काय विचारतील, तू खरं खरं सगळं सांग. आई म्हणेल तिथे सही कर.

माझ्यावर विश्वास आहे ना?

ब्लासिदा

•

एन्कार्नासिओन, २ सप्टेंबर १९८४

ब्लासिदा,

जुलै गेला, ऑगस्ट गेला. तू एकही पत्र लिहिलं नाहीस, मीही नाही. आज लिहिते आहे, आणि दुःखाने लिहीत नाही हे आधीच सांगते.

मी गेले आसुन्सिओनला. काळे कपडे पेटीत घातले आणि निळा झगा घातला, जो अंगात असताना त्याने मला मागणी घातली होती तो. आई अख्ख्या प्रवासात खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं, ती पहारा देतेय.

घर खरंच शांत होतं. बागही होती. बागेत एक बाई झाडाला पाठ लावून उभी होती आणि जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती की ती उद्या घरी जाणार आहे. खिडक्यांना गज होते. तरी मला काही कळलं नाही. मला वाटलं, लपायची जागा अशीच असणार. दारातल्या ननने आईला विचारलं, "हीच का? नवरा जिवंत आहे म्हणणारी?" आई म्हणाली, "हीच." हा काहीतरी खुणेचा शब्द असेल म्हणून मी त्या ननकडे बघून हसले, ब्लासिदा. तिनेही माझा हात प्रेमाने धरला. सुटणार नाही असा धरला.

मग डॉक्टरच्या खोलीत गेलो. म्हातारा, सभ्य माणूस. म्हणाला, तुमच्या आई आणि बहीण दोघींचं म्हणणं आहे की तुम्ही बाजारात फोटो घेऊन फिरता. बहिणीचं म्हणणं आहे, तुम्ही नवऱ्यासाठी पेटी भरून ठेवली आहे. तुम्हाला वाटतं का की तो तुम्हाला इथे भेटायला येणार आहे?

त्या खुर्चीत मला जे झालं ते सांगता येत नाही. घेरी नाही आली. उलट सगळं लख्ख दिसायला लागलं, ताप उतरतो तसं. पेटीची गोष्ट मी फक्त तुला लिहिली होती. मला दिसलं की मी एक खरं वाक्य बोलले की हे दार बंद होणार. आई समोर बसून मांडीवरचा रुमाल चुरगाळत होती. सहीचा कागद टेबलावर होता.

मी म्हटलं, "डॉक्टर, माझा नवरा मेला. पराना नदीत बुडाला. आईने पाहिलं. मला काही महिने ते मान्य करवलं नाही, आता करते. आई, सांग ना यांना, तू त्याला मरताना पाहिलंस ना?"

डॉक्टरने आईकडे पाहिलं. शेवटी ती म्हणाली, हो. मी म्हटलं, शपथ घेऊन सांग, म्हणजे माझ्याही मनातलं उरलंसुरलं जाईल. आणि तिने गळ्यातल्या क्रूसाला हात लावून सांगितलं की सेल्सो मेला. डॉक्टरने सहीचा कागद खणात टाकला. म्हणाला, हिला औषधाची नाही, घरी नेऊन जेवू घालायची गरज आहे.

परतीच्या गाडीत आम्ही समोरासमोर बसलो. मी विचार करत होते. तो खरंच लपलेला असता तर मला गजाआड टाकायचं कारण काय? लपवायचं होतं ते कुणापासून? पोलिसांपासून नाही. माझ्यापासून. मग दोऱ्याची रिळं आठवली. बटणं, झिप. मग तुझं पहिलं पत्र आठवलं. "तो एकटाच होता का?" गाडी पुलावरून जात होती तेव्हा मला कळलं. मी इतकी मोठ्याने हसले की आईशेजारच्या म्हातारीने आपलं कोंबडं जवळ ओढून घेतलं.

पुढच्याच शनिवारी तेओदोरोकडे गेले. म्हटलं, भ्रम पुन्हा झालाय, पण या वेळी ओबेरापर्यंत यावं लागेल. त्याने मासे पोसादासला उतरवले आणि रिकामा ट्रक लाल मातीच्या रस्त्याने पुढे काढला.

तुझ्या घरासमोर वाण्याचं दुकान आहे, तिथे आम्ही थांबलो होतो. तुला दिसलो नाही. तू अंगणात मशीन बाहेर काढून बसली होतीस. पोट चांगलंच दिसतंय तुझं. तो खाली बुटक्या खुर्चीवर बसून संत्रं सोलत होता, आणि तू दोन्ही हात कापडावर ठेवून तोंड उघडलंस आणि त्याने फोड तुझ्या तोंडात घातली.

तेओदोरोने विचारलं, उतरायचंय का. मी म्हटलं, नाही. मला खूप भूक लागली होती. वाटेत आम्ही रस्त्यावरच्या गाडीवर मटणाच्या तळलेल्या करंज्या खाल्ल्या, मी एकटीने सहा खाल्ल्या असतील, आणि तो बिचारा नुसता रुमाल पुढे करत होता, कारण माझ्या डोळ्यांतून पाणीही येत होतं.

आता लिही काय लिहायचं ते.

निदिया

•

ओबेरा, २१ सप्टेंबर १९८४

ताई,

क्षमा मागत नाही. मागायला तोंड नाही, आणि खरं सांगायचं तर वेळही नाही.

तुला वाटतं आम्ही तिघांनी बसून कट केला. तसं नव्हतं. मी तुमच्याकडून निघून इथे आले ती त्याच्यापासून लांब जायलाच. तो तुला काहीतरी कारणं सांगून मागोमाग येत राहिला. आई मला न्यायला आली आणि तिने त्याला इथे पाहिलं. तिने मला मारलं, पोळपाटाने. मग रात्रभर बसून राहिली आणि सकाळी म्हणाली, आपल्या देशात घटस्फोट नाही. नवरा बहिणीबरोबर पळाला म्हटलं तर निदियाला जन्मभर लोक हसतील, आणि तुझ्या तोंडावर थुंकतील. विधवेला कुणी हसत नाही. विधवेला शेजारी जेवण आणून देतात. एक मुलगी विधवा झालेली मला चालेल, म्हणाली. होडी तिनेच उलटी करून सोडली, ताई. स्कर्ट कमरेला खोचून, पाण्यात उतरून.

तिला वाटत होतं तिने तुझी अब्रू वाचवली. आसुन्सिओनचंही तिला तसंच वाटत होतं. मला तसं वाटत नव्हतं. मला नुसती भीती वाटत होती, आणि मी लिहीत गेले.

आता ऐक. तू ते अंगण पाहिलंस, पण त्यापुढचं नाही पाहिलंस. तो आता फाटकाबाहेर जात नाही. त्या दिवशी संत्री टाकून पळाला तेव्हापासून घरातच आहे. ट्रकचा भोंगा वाजला की पलंगामागे जातो. कागदपत्रं नाहीत म्हणून काम नाही. मी शिवते आणि तो बसतो. डिसेंबरात बाळ येईल, त्याला बापाचं नाव कोण देणार? मेलेला माणूस?

एकच मार्ग आहे. तू न्यायाधीशाकडे जा. सांग की तो ब्राझीलमध्ये सापडला, डोक्याला मार लागून सगळं विसरला होता. तूच पहिल्यांदा म्हणाली होतीस तसं. तू म्हटलंस तर सगळे मानतील, गावात तुझ्यावर कुणाचा संशय नाही. मग तो जिवंत होईल. तुझा नवरा म्हणून होईल हे मला कळतं. पण निदान जिवंत होईल.

त्याला तुला लिहायचं होतं. दोनदा बसला, मग म्हणाला, तूच लिही, तुला चांगलं जमतं.

ब्लासिदा

•

एन्कार्नासिओन, १८ नोव्हेंबर १९८४

ब्लासिदा,

न्यायाधीशाकडे मी गेले होते. पण वेगळ्या कामासाठी. माझ्या नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत हवी होती. पुढच्या शनिवारी मी तेओदोरो ऱ्हिसियुकशी लग्न करते आहे.

चर्चमध्ये. पांढऱ्यात नाही, मोतिया रंगाच्या झग्यात.

त्याला सगळं ठाऊक आहे, त्याने सगळं पाहिलंच आहे. मी त्याला स्पष्ट सांगितलं की देवापुढे आणि कायद्यापुढे आपण खोटं बोलणार आहोत, तुला नको असेल तर आत्ताच बोल. तो नेहमीसारखा लाल झाला आणि बर्फाच्या लादीवरचा भुसा झाडत म्हणाला, "ज्या माणसाला मी हिवाळ्यात आठवडाभर नदीत शोधला, तो माझ्यापुरता मेलाच आहे. वर आला असता तर मी त्याला पुन्हा बुडवला असता." आणि मग विचारलं, लग्नानंतर घरात अकॉर्डियन वाजवलेलं चालेल का?

गेले तीन रविवार फादर आमची नावं वाचून दाखवत होते. या लग्नाला आडकाठी आहे असं कुणाला माहीत असेल तर त्याने बोलावं. आई पहिल्या बाकावर, नेहमीच्या जागी. पहिल्या रविवारी तिचा पंखा मध्येच थांबला. दुसऱ्या रविवारी ती आलीच नाही. आज आली. फादरनी वाचलं, वर पाहिलं, आणि मी मागच्या बाकावरून आईच्या मानेकडे बघत बसले. ती उठली. बाकाला धरून उभी राहिली. फादर थांबले, सगळं चर्च तिच्याकडे बघायला लागलं. मग ती हळूच गुडघ्यांवर बसली.

बाहेर पायऱ्यांवर तिने माझा दंड धरला. म्हणाली, "तुला कळतंय का तू काय करते आहेस?"

"विधवा पुन्हा लग्न करते आहे. दाखल्यावर तुझीच साक्ष आहे, आई."

"हे पाप आहे."

"मग आत जा. फादर अजून कपडे बदलत असतील. सांग त्यांना."

लोक बाजूने जात होते, अभिनंदन करत होते, आणि ती प्रत्येकाला मान डोलवत होती. बऱ्याच वेळाने तिने दंड सोडला. म्हणाली, "तो मोतिया झगा मागून लोंबतो तुझा. घरी चल, टीप घालून देते." मी गेले. तिने गुडघ्यांवर बसून, तोंडात टाचण्या धरून झगा आखूड केला. टाचण्या तोंडात होत्या म्हणून बोलावं लागलं नाही, तिलाही आणि मलाही.

मी त्याला जिवंत करणार नाही, ब्लासिदा. आसुन्सिओनच्या त्या खुर्चीत मी जीव वाचवायला म्हटलं की तो मेला, आणि तेवढ्याने तो खरंच मेला. तुम्ही तिघांनी मला विधवा केलंत, आता मी विधवेसारखी वागते आहे. आपल्या देशात हे भाग्य किती बायकांच्या वाट्याला येतं सांग.

पण तुझ्या पोटातल्या जिवाचं मी काही ऐकलंच नाही असं करू शकत नाही. मी सहा वर्षं वाट पाहिली आणि मला झालं नाही, तुला ठाऊक आहे. त्याला बापाचं नाव नसेल तर आपलं लाव, ओर्तिगोसा. वाईट आडनाव नाही. इथे ये. लोक बोलतील, बोलू देत. आईने मान खाली घातली तर मी तिची हनुवटी वर धरीन. तुझ्यावरचा माझा राग संपलेला नाही आणि इतक्यात संपणारही नाही, मी तुला बोलेन, दारं आपटेन, ते तुला ऐकून घ्यावं लागेल. पण खोली झाडून ठेवते आहे.

तू आणि बाळ. तिसरं कुणी नाही.

निदिया

•

ओबेरा, १६ डिसेंबर १९८४

ताई,

मुलगी झाली. गोरी नाही, सावळी आहे, आपल्या बाबांवर गेली आहे. सारखी ओरडते.

तुझं पत्र आलं तेव्हा मी ते त्याला वाचून दाखवलं. खोली झाडून ठेवल्याचं त्याला ऐकूच गेलं नाही. त्याच्या डोक्यात लग्नच बसलं होतं. उठला आणि बूट घालायला लागला. इतक्या महिन्यांत मी त्याला बूट घातलेलं पाहिलं नव्हतं. म्हणाला, ती माझी बायको आहे, तो बर्फवाला कोण लागून गेला, मी जाऊन उभा राहतो चर्चमध्ये. माझे दिवस भरत आले होते, मी भिंतीला धरून उभी होते, आणि माझ्यासाठी तो कधी असा उठला नव्हता. फाटकापर्यंत तावातावाने गेला. रस्त्यावरून पोलिसाची सायकल जात होती. परत आला आणि बूट काढून पलंगाखाली नीट ठेवले.

दुसऱ्या दिवशी मी मशीन विकायला काढलं. त्याने विचारलंही नाही का.

तुझ्या लग्नाच्या दिवशी इथे खूप ऊन होतं. तिथेही असेल. मी दिवसभर विचार करत होते, झगा मागून बरोबर बसला असेल का.

आम्ही शुक्रवारच्या बोटीने येतो. दोघीच. धक्क्यावर तू येऊ नकोस, देइदामिया मावशीने आधी बघितलेलं बरं, म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळून जाईल आणि मला घरोघर सांगत बसावं लागणार नाही.

काल सुईण बाळाची नाळ बघायला आली होती. तो आतल्या खोलीत होता, पडद्यामागे, खोकत होता. तिने विचारलं, मुलीचे वडील कुठे असतात? मी म्हटलं, वारले.

ब्लासिदा